हृदयाची उपेक्षित उजवी बाजू
(आरोग्यविषयक व्याख्यानमालेत एका फिजिशियनने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



हृदयविकाराच्या झटक्याविषयी आपण सर्वांनीच पुष्कळ ऐकले आहे. तेल-तूप किती खावे, किती चालावे, तंबाखू का सोडावी, याविषयी आपणांस नव्याने सांगावे असे माझ्याजवळ फारसे काही नाही. म्हणून आज मी या विशाल विषयातील एकच कोपरा निवडला आहे. हृदयाच्या उजव्या बाजूस येणारा झटका. हा झटका तुलनेने कमी परिचित आहे; पण इतर झटक्यांत जे औषध उपकारक म्हणून दिले जाते, तेच येथे रोग्याला क्षणार्धात धोक्याच्या कड्यावर नेऊ शकते. आणि ते औषध आज अनेकांच्या खिशात, पाकिटात, देवघराशेजारच्या डब्यात ठेवलेले असते. त्यामुळे हा विषय केवळ डॉक्टरांचा राहिलेला नाही.

आपल्या भाषेत कोणाला दुय्यम लेखले, की त्याला 'डावे' मानले असे आपण म्हणतो. हृदयाच्या बाबतीत मात्र उलटे घडले. तेथे उजव्याच बाजूला कित्येक दशके डावी वागणूक मिळाली! त्याचे कारण समजण्यासाठी हृदयाच्या रचनेकडे थोडे पाहावे लागेल.

हृदय एक आहे असे आपण म्हणतो, पण कार्याच्या दृष्टीने ते एकमेकांस चिकटलेले दोन पंप आहेत. शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त उजव्या अलिंदात येते, तेथून उजव्या निलयात उतरते आणि उजवा निलय ते फुप्फुसांत ढकलतो. तेथे शुद्ध झालेले रक्त डाव्या बाजूस येते आणि डावा निलय ते महारोहिणीवाटे मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचवतो. रक्त दोन्हीकडून सारखेच जाते, पण श्रमांत फार अंतर आहे. डाव्या निलयाला साधारण १२० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब निर्माण करावा लागतो. उजव्याला सुमारे २५ पुरतो, कारण फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैल व मऊ असतात. म्हणून डाव्या निलयाची भिंत सुमारे १० मिलिमीटर जाड, तर उजव्याची अवघी ३ ते ४ मिलिमीटर. डावा निलय गोलसर, भक्कम. उजवा त्याला चंद्रकोरीसारखा लपेटलेला.

ग्रामीण भागातून आलेल्या मंडळींना मी हे नेहमी पाण्याच्या योजनेच्या भाषेत सांगतो. विहिरीतून हौदात पाणी टाकणारा एक लहान पंप आहे आणि हौदातून ते टेकडीवरच्या टाकीत चढवणारा एक मोठा पंप आहे. सारे गाव मोठ्या पंपाचे कौतुक करते. लहान पंप बंद पडला, तर मात्र मोठा पंप कितीही उत्तम असला तरी हौदच कोरडा पडतो. उजव्या निलयाच्या झटक्यात नेमके हेच होते. हा दृष्टांत आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता उपेक्षेची कथा. १९४३ साली अमेरिकेत आयझॅक स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यांनी उजव्या निलयाची भिंत डागण्या देऊन निकामी केली आणि शिरांतील दाब वाढतो काय, हे पाहिले. तो फारसा वाढला नाही. त्यावरून उजवा निलय म्हणजे रक्त जाण्याची एक निष्क्रिय वाट, तो नसला तरी चालते, असा समज रूढ झाला. पुढे फ्रान्समधील शल्यचिकित्सक फ्रान्सिस फॉन्तां यांनी उजवी झडपच न बनलेल्या जन्मजात हृदयदोषाच्या रोग्यांवर एक शस्त्रक्रिया केली आणि १९७१ मध्ये ती प्रसिद्ध केली. तीत शिरांचे रक्त उजव्या निलयाला वळसा घालून थेट फुप्फुसांकडे नेले जाते. असे रोगी जगतात, हे दिसल्यावर तो समज आणखी दृढ झाला.

पण या दोन्ही प्रमाणांत एक खोच होती. स्टार यांच्या प्रयोगात हृदयावरचे आवरण उघडे होते आणि डावा निलय व मधला पडदा धडधाकट होता. फॉन्तां शस्त्रक्रिया ज्यांच्यावर होते, त्यांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा अवरोध कमी आहे हे आधी पारखून घेतलेले असते. रात्री जेवून झोपलेल्या आणि पहाटे झटका आलेल्या माणसाची स्थिती अशी नसते. त्याचा उजवा निलय अचानक फुगतो. भोवतालचे आवरण ताठ, बंद पिशवीसारखे असल्याने बाहेर पसरायला जागा मिळत नाही. मग तो मधला पडदा डावीकडे रेटतो आणि डाव्या निलयाचीही जागा बळकावतो. आवरण न उघडता केलेले प्रयोग १९८० च्या दशकात झाले, तेव्हा हे स्पष्ट झाले. तत्पूर्वी १९७४ मध्ये जे. एन. कोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांच्या निरीक्षणावरून उजव्या निलयाच्या झटक्याचे चित्र प्रथमच नीट मांडले होते. म्हणजे मनुष्य चंद्रावर उतरून पाच वर्षे झाल्यावर वैद्यकशास्त्राने स्वतःच्या छातीतील या चार मिलिमीटरच्या भिंतीची दखल घेतली.

हा झटका येतो कसा? हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या ज्या हृद्‌रोहिणी आहेत, त्यांतील उजवी हृद्‌रोहिणी उजव्या निलयाला रक्त देते. बहुसंख्य माणसांत हीच रोहिणी पुढे वळून डाव्या निलयाच्या खालच्या, म्हणजे पोटाच्या पडद्यावर टेकलेल्या भागालाही रक्त देते. तिच्या आरंभाजवळच गुठळी अडकली, तर दोन्ही भाग एकाच वेळी उपाशी राहतात. म्हणून केवळ उजव्या निलयाचा झटका क्वचितच आढळतो. खालच्या भिंतीच्या झटक्याबरोबर तो येतो, आणि अशा झटक्यांपैकी निदान एक तृतीयांश, काही पाहण्यांनुसार निम्म्या रोग्यांत उजवा निलय सापडलेला असतो. याच रोहिणीच्या फांद्या हृदयाची लय चालवणाऱ्या विद्युत्केंद्रांनाही बहुधा रक्त देतात. त्यामुळे नाडी मंदावणे, मधूनच ठोका चुकणे, वरच्या कप्प्यांचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत न पोहोचणे, हेही सोबतीला येते.

या रोग्याची तक्रार पुष्कळदा छातीची नसतेच. पोटाच्या वरच्या भागात दुखते, मळमळते, उलटी होते, दरदरून घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात पित्त झाले, काल लग्नात जेवण जड झाले. लिंबू-सोडा दिला जातो, ओव्याचा अर्क दिला जातो. आपल्याकडे पित्ताने जितकी माणसे दगावली असे सांगितले जाते, तितकी पित्ताने खचितच दगावलेली नाहीत.

आणि आता तो प्रसंग, ज्यासाठी मी आज हा विषय निवडला. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका तालुक्याच्या गावाहून किराणा दुकान चालवणारे एक गृहस्थ आणले गेले. वय साधारण अठ्ठावन्न. सकाळी पोटात दुखून घाम फुटला. मुलगा सुजाण होता. त्याने पित्त म्हणून सोडून दिले नाही, हृदयाची शंका घेतली. घरात आजोबांची सॉर्बिट्रेटची गोळी होती. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात वाचले होते, की झटक्याची शंका येताच ती जिभेखाली ठेवावी. त्याने ठेवली. पाच-सात मिनिटांत वडील बसल्या जागी कोसळले. माझ्यासमोर आले तेव्हा वरचा रक्तदाब सत्तर, हातपाय गार, पण मानेतील शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. आणि छातीला नळी लावली तर फुप्फुसे अगदी स्वच्छ, कोठेही पाणी नाही. खालावलेला रक्तदाब, फुगलेल्या मानेच्या शिरा आणि स्वच्छ फुप्फुसे, हे त्रिकूट एकत्र दिसले, की उजव्या निलयाचा विचार मनात आलाच पाहिजे. फुप्फुसात अडकलेली गुठळी किंवा हृदयाच्या आवरणात साचलेले पाणी यांतही असे चित्र दिसू शकते, म्हणून ईसीजी आणि जमल्यास इकोची साक्ष काढावी लागते.

ती गोळी काय करते? ती गुठळी विरघळवीत नाही. बंद रोहिणी उघडीत नाही. ती मुख्यतः शरीरातील शिरा सैल करते, त्यामुळे रक्त पाय व पोटाकडील शिरांत साठून राहते आणि हृदयाकडे कमी येते. डाव्या निलयाचा थकवा असेल, तर हा भार कमी होणे सुखाचे असते. पण उजवा निलय लुळा पडला असताना रक्त पुढे सरकते ते मागून येणाऱ्या दाबाच्या जोरावरच. आपल्या विहिरीच्या दृष्टांतात सांगायचे, तर लहान पंप कसाबसा चालतो आहे तो विहीर काठोकाठ भरलेली आहे म्हणून. आणि आपण नेमकी त्याच वेळी विहिरीची पातळी खाली नेतो. हौद कोरडा पडतो, टेकडीवरची टाकी रिकामी होते, मेंदूला रक्त मिळत नाही.

या औषधांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. सॉर्बिट्रेटचे मोठे भावंड म्हणजे नायट्रोग्लिसरीन. लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये छातीच्या कळेवर त्याचा उपयोग वर्णिला. हेच द्रव्य वापरून डायनामाइट बनवणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना आयुष्याच्या अखेरीस डॉक्टरांनी तेच औषध म्हणून सुचवले होते, आणि या दैवगतीचे त्यांना स्वतःलाही नवल वाटले होते. चालताना छातीत कळ येणाऱ्या, आधी निदान झालेल्या रोग्याला त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ही गोळी आजही उपयोगी आहे. माझा आक्षेप औषधाला नाही. निदानाशिवाय, रक्तदाब न पाहता, दुसऱ्याच्या डब्यातून काढून दिलेल्या गोळीला आहे. अलीकडच्या काळात परदेशांतील रुग्णवाहिकांमधील काही अभ्यासांत खालच्या भिंतीच्या झटक्यात ही औषधे दिल्यावर रक्तदाब कोसळण्याचे प्रमाण इतर झटक्यांहून फार निराळे आढळले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्या रोग्यांचा रक्तदाब आधी मोजलेला होता, शेजारी प्रशिक्षित माणूस होता, सलाईन हाताशी होते. दुकानाच्या गल्ल्यामागे यांपैकी काहीच नसते. शिवाय पुरुषांनी लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल, तर २४ तास, आणि टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेट पूर्ण वर्ज्य आहे. हे सांगायला माणसे लाजतात. डॉक्टरांपाशी लाजू नये.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे विचारण्याआधी आम्ही काय केले ते सांगतो. पाय उंच केले, सलाईन सुरू केले आणि ईसीजी काढला. त्यात खालच्या भिंतीचा झटका स्पष्ट होता. मग छातीवरील चौथ्या तारेचे टोक डावीकडून काढून उजवीकडे तंतोतंत त्याच जागी लावले, म्हणजे उजव्या बाजूच्या पाचव्या बरगडी-अंतरात, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. या आलेखाला व्ही-४-आर म्हणतात. त्यात रेषा एक मिलिमीटर किंवा अधिक वर उचललेली दिसली, की उजवा निलय सापडला असे बहुतांशी धरता येते. यासाठी निराळे यंत्र लागत नाही, निराळा खर्च नाही, एक मिनिटाचा अवधी पुरतो. मात्र ही खूण क्षणभंगुर आहे. निम्म्या रोग्यांत ती दुखणे सुरू झाल्यापासून दहा तासांत पुसली जाते. उद्या सकाळी शहरातील मोठ्या डॉक्टरांनी पाहावी म्हणून ती थांबत नाही. ती पाहण्याचे भाग्य, किंवा जबाबदारी म्हणा, पहिल्या दवाखान्याचीच.

या एका मिनिटाचे मोल किती? जर्मनीतील डॉक्टरांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खालच्या भिंतीचा झटका आलेले २०० रोगी होते. ज्यांच्या व्ही-४-आर मध्ये ही खूण होती, त्यांच्यापैकी ३१ टक्के रुग्णालयातच दगावले. ज्यांच्यात नव्हती, त्यांच्यापैकी ६ टक्के. पाचपट अंतर! खालच्या भिंतीचा झटका 'सौम्य' असतो अशी जी समजूत आहे, ती या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. हृद्‌रोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत अशा प्रत्येक रोग्याचा उजवीकडील आलेख काढावा असे सांगितलेले आहे. तरीही तो अनेक ठिकाणी काढला जात नाही. आळसापेक्षा सवयीचा अभाव हे त्याचे कारण आहे, असे माझे मत आहे. येथे कोणी परिचारिका किंवा तंत्रज्ञ बसले असतील, तर त्यांना माझी विनंती आहे, की डॉक्टरांनी सांगण्याची वाट पाहू नका. दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ या तारांत रेषा उचललेली दिसली, की उजवीकडचा कागद काढून पुढे ठेवा.

सलाईनविषयीही एक शब्द. उजव्या निलयाला भरलेली विहीर हवी, म्हणून पूर्वी लिटरमागून लिटर सलाईन ओतण्याची पद्धत होती. ती आता मागे पडली आहे. थोडे थोडे, दोन-तीनशे मिलिलिटर देऊन रक्तदाब व मानेच्या शिरा पाहाव्यात. अर्धा ते एक लिटर देऊनही सुधारणा नसेल, तर अधिक ओतल्याने फुगलेला उजवा निलय मधला पडदा आणखी डावीकडे ढकलतो आणि रक्तदाब उलट घसरतो. तेथे डोब्युटामिनसारखी हृदयाला जोर देणारी औषधे लागतात. लघवी वाढवणारी इंजेक्शने येथे सामान्यतः टाळावीत, मॉर्फिनही जपून. नाडी फार मंदावली तर ॲट्रोपिन, आणि त्याने न भागल्यास तात्पुरता पेसमेकर. निलय दुबळा असताना वरच्या अलिंदाचा प्रत्येक धक्का मोलाचा असतो, म्हणून लय बिघडली तर ती ताबडतोब सावरावी लागते.

पण हे सारे वेळ काढण्याचे उपाय झाले. खरा उपाय एकच, बंद रोहिणी उघडणे. अमेरिकेतील एका अभ्यासात, जो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, उजव्या निलयाचा झटका आलेल्या ५३ रोग्यांची अँजिओप्लास्टी केली गेली. ४१ जणांत मुख्य रोहिणी आणि उजव्या निलयाकडे जाणाऱ्या फांद्या दोन्ही नीट उघडल्या. त्यांतला एक दगावला. १२ जणांत हे साधले नाही. त्यांतले ७ दगावले. आकडे लहान आहेत, पण बोलके आहेत. जेथे अँजिओप्लास्टीची सोय जवळ नाही, तेथे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन रोग्याला पुढे पाठवावे. त्या किराणा दुकानदारांना आम्ही तेच केले आणि शहरात त्यांची रोहिणी उघडली गेली. ते आजही दुकानावर बसतात. मुलगा मला कितीदा तरी विचारीत राहिला, "डॉक्टरसाहेब, मी गोळी देऊन वडिलांना मारणार होतो का?" मी त्याला म्हणालो, "अरे, तू पित्त म्हणून त्यांना झोपवले असतेस, तर ते माझ्यापर्यंत पोहोचलेच नसते. गोळीचा विसर पाड, घाई केलीस ती लक्षात ठेव."

घाईचे म्हणाल तर आपला देश त्यात मागे आहे. भारतातील ८९ रुग्णालयांतल्या २० हजारांहून अधिक रोग्यांची पाहणी २००८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आली. त्यात दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटे निघाला. सहा तास! रुग्णालयात शिरल्यानंतर इंजेक्शन मिळेपर्यंत मात्र ५० मिनिटे. म्हणजे वेळ जातो तो घरात, गल्लीत, रस्त्यावर. आधी शेजारच्या डॉक्टरांकडे, मग गाडीच्या शोधात, मग कोणता पुतण्या सोबत येणार या चर्चेत. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. ती बोलवावी. रोग्याला जिना उतरवून चालवू नये, दुचाकीवर मध्ये बसवून तर मुळीच नेऊ नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा विकार नसेल, तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. तिने रक्तदाब कोसळत नाही आणि गुठळी वाढण्यास आळा बसतो.

आता आलेल्या चिठ्ठ्यांपैकी दोन-तीन घेतो.

एका भगिनींनी विचारले आहे, की जोरजोराने खोकत राहिल्यास झटका थांबतो काय? थांबत नाही. खोकल्याने बंद रोहिणी उघडत नाही. असे संदेश पुढे पाठवू नयेत.

दुसरी चिठ्ठी मधुमेही गृहस्थांची दिसते. ईसीजी पहिल्यांदा ठीक आला तर निश्चिंत व्हावे का? होऊ नये. पहिला आलेख निर्दोष असूनही झटका असू शकतो. लक्षणे चालू असतील, तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा आलेख काढावा लागतो आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी करावी लागते. मधुमेहात कळ बोथट असते, त्यामुळे नुसता घाम आणि दम यांनाही गांभीर्याने घ्यावे.

शेवटची चिठ्ठी तरुण हस्ताक्षरात आहे: "वडिलांना असा झटका आला होता. त्यांचे हृदय पुन्हा पूर्वीसारखे होईल काय?" येथे मी काहीसे आनंदाने उत्तर देऊ शकतो. उजव्या निलयाला प्राणवायू कमी लागतो, त्याला रक्त आकुंचन व प्रसरण या दोन्ही काळांत मिळते आणि डावीकडून येणाऱ्या लहान उपवाहिन्याही त्याला आधार देतात. त्यामुळे झटक्यात त्याचा स्नायू पुष्कळदा मरत नाही, मूर्च्छित होतो; आणि रोहिणी वेळेवर उघडली तर काही दिवसांत, कधी आठवड्यांत तो पुन्हा काम करू लागतो. पहिले काही दिवस मात्र कठीण असतात. उजव्या बाजूमुळे आलेल्या हृद्‌जन्य शॉकमध्ये रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या नोंदणीत सुमारे ५३ टक्के होते, डाव्या बाजूच्या शॉकमधील सुमारे ६१ टक्क्यांहून फारसे कमी नाही. तेवढे दिवस आपले वडील पार करून आले आहेत. तीन महिन्यांनी त्यांचा इको करून घ्या आणि त्या अहवालात उजव्या निलयाविषयी एक ओळ लिहिलेली आहे का, ते पाहा. नसेल, तर लिहून मागा.